मुलांचे उलटे पारायण

चिंचवड, शनिवार, दिवेलागण

मोरयाची कृपा असो, आणि माझे शब्द तुम्ही असाल तेथवर पोहोचोत.

प्रिय अहो,

तुम्हांला पत्र लिहिण्याचा प्रसंग संसारात कधी आलाच नाही. कोणतीही पाळी असली तरी कंपनीतून तुम्ही घरीच तर परतत होता! आज मात्र हे तुम्हांला सांगितल्यावाचून घास गोड लागणार नाही. सोसायटीच्या मंदिरात तुम्ही सुरू केलेले मुलांचे शनिवारचे वाचन पुन्हा रंगले आहे!

तुमच्यामागे ते बंद पडण्याच्या बेतात होते. तुमच्या पेटीतली पुस्तके हाताळून सुटी झाली, उरलेली वाळवीने खाल्ली. त्यांना कव्हरे घालायला तुम्हांला काय झाले होते? नवी आणावीत, तर मुलांचे आईवडील चाकणला कंत्राटावर राबणारे. त्यांच्याकडे वर्गणी मागणे मला प्रशस्त वाटेना.

मार्ग दाखवला आपल्या नातीने, मृणालने. "आजी, जुन्या पुस्तकांवरचा हक्क संपला की ती कुणालाही फुकट वाचता येतात. ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवलीत बघ!" टॅबवर जणू कपाटच उघडले. गडांचे इतिहास, राजांची चरित्रे, पुराणकथा! विद्या अशी मुक्तहस्ते वाटलेली पाहून मी त्या टॅबला हळदकुंकू वाहिले. हसू नका!

एका गडाच्या वेढ्याचा इतिहास निवडला, आणि तेथेच फसले. आरंभलेला ग्रंथ मोडू नये, त्यातले अक्षरही गाळू नये, हा माझा पारायणाचा नेम. म्हणून मुखपृष्ठापासून वाचू लागले: अर्पणपत्रिका, प्रस्तावना, दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना, आश्रयदात्यांची नावे, शुद्धिपत्र! पहिल्या शनिवारी भरलेली सतरंजी पुढच्या शनिवारी निम्मी झाली. त्यानंतर दोघेच उरले, आणि त्यांतला मावळातला सोहम भिंतीला टेकून चक्क घोरत होता.

"झोपलास का रे?"

"न्हाई आजी, आमी डोळं मिटून ऐकतोय."

दुसरी लातूरकडची वैष्णवी. तिला आडपडदा ठाऊक नाही. "आजी, लढाई कवा येनार? आजोबा तर पानं गाळून वाचायचे. डायरेक्ट लढाईपासनं!"

गाळून! शनिवारी त्या वेळी मी घरी जपाला बसत असे, आणि तुम्ही मंदिरात, प्रत्यक्ष देवासमोर, पाने गाळत होता? इतक्या वर्षांच्या संसारात एका शब्दाने सांगितले नाहीत!

क्षणभर मन कचरले. नेम मोडावा, की तुमचे वाचन मोडू द्यावे? हे दोघेही उठून गेले असते, तर या मंदिरात तुमचे म्हणून काय उरले असते? देवाला हात जोडले आणि बोटाने पाने सरकवत थेट मधोमध थांबले. तटाला शिड्या लागल्या होत्या, तोफा धडाडत होत्या! सोहम ताठ बसला. वैष्णवी दारात जाऊन ओरडली, "ए, या रे लवकर! लढाई लागली!" आणि मैदानातली मुले चपला भिरकावीत आत आली.

वेढा उठला, ग्रंथाचे शेवटचे पानही झाले, पण मुले उठेनात. "वेढा घातलाच कशापायी?" म्हणून मागचे प्रकरण काढले. "तो किल्लेदार कुठला?" म्हणून त्याच्याही मागचे. असे शनिवारमागून शनिवार मागे सरकत आज आम्ही प्रस्तावनेशी पोहोचलो, आणि ती वैष्णवीने स्वतः खणखणीत वाचली. एकही पान गळले नाही हो! पारायण सांग झाले, फक्त उलटे.

पुढचा ग्रंथ मुलांनीच ठरवला आहे; त्यांना आता आरमार हवे. मी वचन देते: कंठात स्वर आहे तोवर शनिवार चुकणार नाही, आणि स्वर थकला की वैष्णवी वाचील, मी सतरंजीवर मुलांत बसून ऐकेन.

हे पत्र ज्यांच्या दृष्टीस पडेल, त्यांच्या घरी मुलांच्या मांडीवर सदैव एखादे उघडे पुस्तक असो, आणि 'पुढे काय?' हा प्रश्न त्या घरातून कधी न सरो.

तुमचीच,
सुमती