वायरीवरची टकटक

प्रिय धाकट्या,

टक... टक-टक... टक. सकाळपासून हाच आवाज कानात आहे. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं तू एकेका वायरीवर हलकेच ठोकत जायचास आणि मी गॅरेजच्या पायरीवर बसून शाळेतली कविता म्हणायचो. गाडीचा दिवा लुकलुकला की तू हात वर करायचास. दोष सापडला! मी ओळ अर्धी टाकून तुझ्याकडे धावायचो.

बारा वर्षांनी लिहितोय, तर आधी बातमी. तुझ्या वहिनीच्या किडन्यांनी संप पुकारलाय. आठवड्यातून तीनदा पहाटे डायलिसिसला न्यावं लागतं. त्या वेळी भाड्याची गाडी इकडे फिरकत नाही, आणि आपली जुनी गाडी वाटेत कधीही मान टाकते. दिवे, पंखा, इंजिन, सगळं एकदम बंद. दहा मिनिटांनी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू. परवा चढावरच्या वळणावर बंद पडली. मागे ट्रक. वहिनीनं माझा खांदा घट्ट धरला, म्हणाली, "कविता म्हणा हो काहीतरी." मला एक ओळ आठवेना.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली की ती शहाण्या बाळासारखी चालते. त्यानं बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर. दोन्ही जुने भाग मी दुसरीकडे तपासून घेतले, ठणठणीत होते. आता म्हणतो, "काका, अख्खं वायरिंगच उपसून टाकू. आठ दिवस गाडी विसरा." आठ दिवस! आज संध्याकाळी न्यायला येतोय.

मी तुझी जुनी रीत धरली: वही. गाडी कधी बंद पडली, इंजिन तापलं होतं का, दिवे लावले होते का, वळण कुठलं. वहिनी मागच्या सीटवरून टिपते. अकरा नोंदी झाल्यात, अकराही वेळा डावं वळण. एक मात्रा सांडली म्हणून कुणी कवितेची वही फाडत नाही. पण ती कुठे सांडली हे शोधायला तुझे कान हवेत. माझं गॅरेज केव्हाच बंद झालं, आणि गाडीखाली वाकणंही आता होत नाही.

टाळत होतो ते आता लिहितो. त्या टॅक्सीवाल्याची गाडी. तू म्हणालास, "दादा, एक दिवस दे. दोष सापडेपर्यंत काही बदलू नकोस." गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं, मी डायनॅमो, स्टार्टर, सगळं बदललं. आणि दोष निघाला अर्थिंगच्या वायरीत, एका गंजलेल्या नटाखाली. तू ते त्याच्यासमोरच सांगितलंस. मी ओरडलो, "गॅरेज माझं आहे, चालता हो!" तू फक्त तो स्क्रूड्रायव्हर उचललास. बिघडलं होतं माझं डोकं, आणि काढलं तुला.

पत्र पोचेपर्यंत गाडी गेलेली असेल, ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. गाडीचं राहू दे रे. मला माफ कर.

दार वाजतंय. मेकॅनिक लवकरच आला वाटतं. पण ही टकटक... टक... टक-टक... टक.

उघडून आलो. तू नाहीस. तुझी लेक आहे, तुझ्याच भुवया, हातात तीच लाकडी मूठ. तुझ्या वहिनीनं मला न सांगता फोन केला होता म्हणे. पोरीनं उंबऱ्यातूनच विचारलं, "काका, अजून काही खोललं नाही ना कुणी? बाबा म्हणाले, आधी वही बघ."

वही तिच्या हातात दिली आहे. जाताना हे पत्रही देईन.

अजूनही तुझाच,
दादा