टाकीची दुसरी चावी

पुणे, २ मार्च २०२५

ती. आजोबांना सुप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. माझं मागचं पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलंत, तेही पोचलं. तुम्ही शाळेतून निवृत्त झालात हे तुमच्या पेनाला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

पाडव्याच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या दोन्ही चाव्या कायमच्या तुमच्याकडे देणार, वर शाल-नारळही, हे वाचून छाती फुगली. पण नेमकं त्याच आठवड्यात कॉलेजात रोमचं प्रजासत्ताक शिकवायला घेतलं आणि मी थक्क झाले. राजाला हाकलल्यावर त्या लोकांनी दरवर्षी दोन प्रमुख निवडायची रीत घातली. दोघांना सारखा अधिकार. एकाने नको म्हटलं की दुसऱ्याचं काम अडलं. आजोबा, ही तर आपली टाकी. झाकणाला दोन कुलुपं, एक चावी आपल्या वरच्या वाडीची, एक खालच्या बौद्धवाडीची. दोघं आल्याशिवाय पाणी सुटायचं नाही, आणि दर पाडव्याला चावीवाले बदलायचे. कुठे रोम, कुठे वरंधचा डोंगर, आणि सुचावं एकच?

संकट आलं की रोमचे लोक एकाच माणसाला सगळा अधिकार द्यायचे, पण सहा महिन्यांपुरता. पुढे ती मुदत ढिली होत गेली आणि शेवटी सीझर तहहयात सर्वाधिकारी झाला. दरड कोसळली तेव्हा खालची चावीही तुमच्याकडे दिली, ती त्या पावसाळ्यापुरतीच ना? त्याला आता चार वर्षं होतील.

आजीच्या गुडघ्यांना जपा. लोभ असू द्या, लाल शाई आटू द्या.

तुमची सुप्रिया

वरंध, ९ मार्च

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आजी हसली, मी नाही. आजोबाला सीझर म्हणणारी नात आमच्याच घरात निपजायची होती. माझं सैन्य म्हणजे दोन म्हशी, त्यातली एक माझं ऐकत नाही.

तुला तिकडे नळ फिरवला की पाणी. इथे पूर्वी रोज सकाळी टाकीवर तंटा. खालच्या जानकीबाई चावी पदराला बांधून यायच्या आणि कोणत्या वाडीला किती पाणी गेलं यावर अर्धा तास वाद घालायच्या. दरडीने वाट तुटली, त्यांना वर येता येईना, म्हणून चावी माझ्याकडे आली. वाट पुढे दुरुस्त झाली, चावी माझ्याकडेच राहिली. चार वर्षांत एक भांडण नाही. माझ्या हातून थेंब इकडचा तिकडे झाला असेल तर दाखव. लोकच आग्रह करतात, मी मागायला गेलो नव्हतो.

परीक्षा जवळ आली, अभ्यास कर. आशीर्वाद आहेतच, जिभेला लगाम तेवढा तू घाल.

तुझे आजोबा

पुणे, १६ मार्च

ती. आजोबांना सा. न.

कान धरले. तुम्ही अन्याय केलात असं मी म्हटलंच नव्हतं. मला नवल वाटलं ते पुढेच आहे.

सीझरला मारलं, तरी प्रजासत्ताक परत आलं नाही. त्याच्या वारसाने तर काही मोडलंही नाही. सभा भरत होती, पदांची नावं तीच होती, दरवर्षी दोन प्रमुखही निवडले जात होते. लोकांची नाही म्हणायची सवय तेवढी गेली होती. साडेचारशे वर्षांची रीत गेली आणि लोकांना हायसं वाटलं, कारण भांडणं थांबली. हे वाचताना अंगावर काटा आला.

त्यांच्यातच पूर्वी एक शेतकरी होऊन गेला. नांगर सोडून आला, सगळा अधिकार घेतला, संकट निवारलं आणि सोळाव्या दिवशी परत नांगराला लागला, असं सांगतात. त्याचं नाव अजून निघतं.

एकच विचारते, रागावू नका. चार वर्षांत टाकीवर तुम्हाला एकदा तरी कोणी नाही म्हटलंय का? माया पातळ करू नका.

सुप्रिया

वरंध, ६ एप्रिल

चि. सुप्रियास आशीर्वाद.

तुझा प्रश्न घेऊन दोन दिवस म्हशींमागे हिंडलो. चार वर्षांत एकही ‘नाही’ सापडला नाही. म्हशी चुकल्या म्हणून तीनदा मी पाणी उशिरा सोडलं होतं, तेव्हाही कोणी चकार शब्द काढला नव्हता. मला तो माझा मान वाटला होता गो.

पाडव्याला शाल घेतली नाही. दोन्ही चाव्या सभेत पुढे ठेवल्या. कोणी उचलेना. खालच्या वाडीतला राजेश म्हणाला की मास्तरांकडंच बरी हाय, कशाला डोक्याला ताप. वरचे, खालचे, सगळेच माना डोलवत होते. तेव्हा मी घाबरलो. सगळं गाव माझ्या बाजूने होतं.

वरची चावी आपल्या शेजारच्या प्रवीणला दटावून दिली. खालची घेऊन जानकीबाईंच्या दारात गेलो आणि हात जोडून सांगितलं की बाई, टाकीवर भांडायला कोणी उरलेलं नाही. त्या म्हणाल्या की चार वर्सं कुणी विचारलं नाय, आता तोंडाची सवय मोडली. तरी चावी पदराला बांधली.

काल आपल्याकडे पाहुणे होते. मी टाकीवर जाऊन आपल्या वाडीला अर्धा तास जास्त पाणी मागितलं. प्रवीण लगेच हो म्हणाला. जानकीबाईंनी टाकीत वाकून पाहिलं आणि नाय म्हणाल्या. टाकीसाठी मी किती खपलो ते सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, कुलूप लावलं आणि उतारावरून घरी निघाल्या.

मी रिकामा हंडा घेऊन उभा. आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो आणि डोळे भरून आले. एवढासा शब्द. तुझ्या रोमला तो गेल्यावर पुन्हा गवसला नाही, आणि इथे एक बाई तो पदराला बांधून घरी चालली होती.

पाहुण्यांचं अर्ध्या कप चहावर भागवलं. तुझी आजी अजून माझ्याशी बोलत नाही. तुझं पत्र परत पाठवत नाही, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

लोभ आहेच. मी चुकलो तर तूही नाही म्हणत जा.

तुझे आजोबा