सात काडतुसांची फौज

१ फेब्रुवारी १९४२, सिंगापूर
काल गोऱ्यांनीच मलायाकडचा पूल उडवला. सगळी फौज जपान्यांपुढे मागे हटत बेटावर आली. आमच्या भागाचे हवाई हल्ल्याचे इंग्रज वॉर्डन पेलमसाहेब म्हणाले, "आता आपण किल्ल्यात आहोत, मिसेस तान." किल्ला म्हणे! ओहोटीला माणूस चालत येईल एवढंच पाणी आहे तिथे.

३ फेब्रुवारी
बून टेकने चिनी स्वयंसेवकांच्या तुकडीत नाव घातलं. मला, बायकोला, न विचारता! रबर कंपनीत पत्रं टाइप करणारा माणूस. हातात दिलंय काय, तर पक्षी मारायची बंदूक आणि सात काडतुसं.
"ती संपल्यावर काय करशील? टाइपरायटर फेकून मारशील?"
तो हसला. मला हसू आलं नाही. सासूबाई तिकडे खलबत्त्यात मिरच्या कुटत होत्या, नुसत्या कुटतच होत्या.

९ फेब्रुवारी
जपानी बेटावर उतरले. वायव्येला, खारफुटीतून. बून टेक तिकडेच आहे.

११ फेब्रुवारी
मी शिकवते त्या शाळेत आता जखमी. चौथीचे बाक जोडून खाटा केल्यात. पाण्याचे नळ फुटलेत, त्याच त्या पाण्यात पट्ट्या धुतोय.
पेलमसाहेबांनी मडमेला काल बोटीवर चढवलं. आज मला सांगतात, "तुम्ही मात्र जागा सोडू नका." त्यांच्या बायकोला बोट. आम्हाला उपदेश.

१३ फेब्रुवारी
आला! अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. पाव तासात काडतुसं संपली म्हणाला. शेजारी लढणारा तिथेच मेला. आज त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्याने तुकडी मोडली — गणवेश जाळा, घरी जा.
सासूबाईंनी गणवेशाचा सदरा चुलीत घातला.

१५ फेब्रुवारी
आमच्या चिनी नव्या वर्षाचा पहिला दिवस. संध्याकाळी तोफा थांबल्या. शरणागती.
पेलमसाहेब शाळेत निरोप घ्यायला आले. "आम्ही शक्य ते सगळं केलं." मी म्हटलं, "तुम्ही कैदेत जाल साहेब, तिथे तुमची मोजदाद तरी होईल. आम्ही कुठे जायचं?" त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मग गेले.

२१ फेब्रुवारी
परवापासून जपान्यांचा हुकूम आहे. अठरा ते पन्नासच्या सगळ्या चिनी पुरुषांनी हजर व्हायचं. बून टेक माळ्यावर लपलाय. म्हणतो, "तुकडीतला म्हणून कुणी ओळखलं तर?"
सासूबाई म्हणतात, "राहू दे त्याला तिथेच. जेवण मी चढवीन."
पण घरं तपासतायत. पलीकडचे लिम काल गेले, आज दंडावर तपासणी झाल्याचा शिक्का घेऊन परत आले. मी खालून ओरडले, "तू सापडलास तर आईलाही मारतील. एवढा भित्रा कधीपासून झालास?"
तो खाली उतरला. माझ्याकडे बघितलं नाही.

२२ फेब्रुवारी
सकाळी गेला. भाताचा डबा मीच बांधला.

२३ फेब्रुवारी
नाही आला.

२७ फेब्रुवारी
लिम यांनी आज बाहेर ऐकलेलं सांगितलं. तोंडाला फडकं बांधलेल्या एका खबऱ्याने मान हलवली. तेवढ्यावर बून टेकला लॉरीत घातलं. लॉऱ्या समुद्राकडे गेल्या, रिकाम्या परतल्या.
सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "माळ्यावर होता तो."