डाव्या नाकपुडीचा पुरावा

बेला, जि. आदिलाबाद

ती. सुनयनाताईस जीवनचा सविनय जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे आहेत, माझे नाक सोडून.

कापूस वेचणीपासून सायनसने डोके धरले आहे. आपल्या मैत्रीच्या लग्नात मामा म्हणून बुद्धवंदना मी म्हणायची, आणि इथे गेंगाण्या आवाजात नुसती हजेरी घेतली तरी पोरे हसतात. 'नाही जमले तर आपला धाकटा नागेश म्हणेल,' असे तू कळवलेस, ते फार लागले. मैत्रीने फोनवर सांगितले होते की मामा, उकळून कोमट केलेल्या मीठपाण्याने नाक धुवा, त्याला थोडाफार पुरावा तरी आहे. (ती फार्मसी शिकलेली, मी वीस वर्षे विज्ञान शिकवतो. ऐकणार कोण?) तेवढ्यात माझ्या सासूबाई, बयनाबाई, निर्गुडीचा भारा घेऊन आल्या. "जावई, काऊन तरास काढून राह्यले? पाल्याची वाफ घ्या." म्हटले, घेतो, पण पुराव्यानिशी.

पुरावा म्हणजे तुलना, हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो. म्हणून उजवी नाकपुडी निर्गुडीला दिली आणि डावीला वाफ लागू नये म्हणून तीत घरच्या कापसाचा बोळा कोंबला. चार दिवस वहीत नोंदी केल्या: उजवी जराशी मोकळी, डावी ठार बंद. मला इतका आनंद झाला की फळ्यावर तक्ता काढला आणि बयनाबाईंना शाळेत बोलावून शाल दिली (भाषणही केले). पाचव्या दिवशी डावीतून वास येऊ लागला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी चिमट्याने एकामागून एक चार बोळे काढले. रोज सकाळी बोळा दिसला नाही की, पडला असेल म्हणून मी नवा घालत होतो. "सर, कापूस किती एकर हाय तुमचा?" एवढेच त्यांनी विचारले. मग म्हणाले की वाफेने तेवढ्यापुरते बरे वाटते, निर्गुडीचे प्रयोग माणसांवर फार थोडे झालेत, त्यापेक्षा मीठपाणी बरे. म्हणजे मैत्रीचेच म्हणणे, फी देऊन ऐकले.

ताई, भाऊजी नाहीत. पोरीच्या लग्नात वंदना माझ्या आवाजात व्हावी, असे मला मनापासून वाटते.

तुझा भाऊ
जीवन

ता. क. ते डॉक्टर नवरदेवाचे सख्खे मामा निघाले. बोळ्यांची गोष्ट त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून हे घाईचे पत्र. नागेशला वंदनेचे अजून काही बोलू नकोस.

ता. क. २. मीठपाणी गुपचूप सुरू केले आहे. आज सकाळी अंगणात त्रिशरण, पंचशील पूर्ण म्हणून पाहिले, कुठेच अडले नाही. बयनाबाई शाल पांघरून, हात जोडून शेवटपर्यंत उभ्या होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पाला लागू पडला." मी हो म्हणालो.