ठिपक्याचं ट्रेनिंग

३ फेब्रुवारी
लेकीचा हॉस्टेलवरून फोन. परीक्षा संपेपर्यंत तिने ऑनलाइन गेम बंद केलाय. गेममधलं तिचं शिंगरू तेवढे दिवस माझ्याकडे. पासवर्ड दिला. नाव ठिपका, कारण कपाळावर ठिपका. (कल्पकता आईकडून आलेली.) रोज खायला घालायचं आणि खरारा करायचा. "बाबा, बाकी काही करू नका," म्हणाली.
बाकी काही करू नका! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अख्खी उमर घातलेल्या माणसाला! क्लच कुठला न् ब्रेक कुठला हे न कळणारे मी रस्त्यावर आणले. शिंगरू किस झाड की पत्ती?
संकल्प: लेक घरी येईपर्यंत रेसचा घोडा तयार.

५ फेब्रुवारी
नाव बदललं. सम्राट. माइकवरून हाक मारली तर ओ देत नाही. सवय होईल.
स्क्रीनवर दोन पट्ट्या असतात. 'आज्ञाधारकपणा' अर्ध्यावर. 'विश्वास' काठोकाठ. लाडावून ठेवलंय नुसतं.

९ फेब्रुवारी
उडीचं ट्रेनिंग सुरू. सम्राट अडथळ्यापाशी जातो, हुंगतो, परत येतो. गेममध्ये चाबकाचं बटन आहे. दिलंय म्हणजे वापरायलाच दिलं असणार. दाबलं. उडी मारली! विश्वासाची पट्टी जरा खाली गेली. नेटवर्क.
बायको मागे उभी होती. म्हणाली, अहो, लहान आहे ते. मी म्हटलं, लहानपणीच वळण लावायचं असतं, आपण लेकीला नाही का लावलं? ती आत निघून गेली. पटलं असावं.

१६ फेब्रुवारी
क्लासमध्ये एक विचित्र प्रकार. एक शिक्षिकाबाई शिकायला येतात. आज भर चौकात त्यांनी गाडी बंद केली, किल्ली डॅशबोर्डवर ठेवली, दार उघडलं आणि चालू लागल्या. मागे हॉर्नवर हॉर्न. मी फक्त "क्लच" म्हणत होतो. जरा मोठ्याने. काहीतरी तातडीचं काम आठवलं असणार. उद्या विचारतो.
सम्राट खात नाहीये. डाएट आपोआप कंट्रोलमध्ये.

१७ फेब्रुवारी
बाई आल्या नाहीत.

२५ फेब्रुवारी
मालकांनी बोलावलं. आता गाडीवर नवा मुलगा, मी काउंटरवर. म्हणाले, अनुभवी माणूस ऑफिसातच शोभतो. प्रमोशनच म्हणायचं. केबिन नाही, पण टेबलावर काच आहे.
खिडकीतून गाडी दिसते. शिक्षिकाबाई पुन्हा यायला लागल्यात. आज स्टिअरिंगवर बसून हसत होत्या. शिकताना हसण्यासारखं काय असतं?

२ मार्च
सम्राट तबेल्याच्या कोपऱ्यात उभा असतो. माझ्याकडे पाठ. बटन दाबलं की वळतो, काम करतो, पुन्हा पाठ. एकाग्रता वाढतेय.
कान मात्र सारखे मागे. सूचनांच्या पानावर लिहिलंय की कान मागे पडणं हे भीतीचं लक्षण. साध्या घोड्यांसाठी असेल ते.

८ मार्च
मी खोलीत शिरलो की बायको फोनवर बोलायची थांबते. पलीकडे लेक असते. आज फोन मीच घेतला. हो बाबा, ठीक बाबा, चाललाय अभ्यास बाबा. संपलं. दोघी मिळून माझ्या वाढदिवसाचं काहीतरी गुपचूप ठरवत असणार. वाढदिवस नोव्हेंबरात आहे, पण बायकोला आधीपासून तयारी लागते.

१५ मार्च
आज्ञाधारकपणा शंभर टक्के!!
विश्वासाची पट्टी आता दिसतच नाही. गरज संपली की काढून टाकत असावेत.
थांब म्हटलं की थांबतो. पळ म्हटलं की पळतो. चुकून उडीचं बटन दाबलं गेलं. समोर अडथळा नव्हता, काहीच नव्हतं, तरी उडी मारली. मग तिथेच उभा राहिला, थरथरत. पुढच्या हुकुमाची वाट बघत.
घरात पंख्याचा तेवढा आवाज. का कोण जाणे, मी लॅपटॉप मिटून टाकला.

२२ मार्च
लेक आली. बॅग खाली ठेवायच्या आत लॅपटॉपसमोर बसवलं. सगळं करून दाखवलं. एकही चूक नाही.
तिने हाक मारली, "ठिपक्या." तो हलला नाही. मग गोंजारायला माउस त्याच्या मानेपाशी नेला. तो भिंतीला जाऊन चिकटला आणि कुणी काही दाबायच्या आधीच त्याने जागच्या जागी उडी मारली. मग आणखी एक.
लेकीने विचारलं, हा कधीपासून असं करतोय? मी म्हटलं, याला तयारी म्हणतात. ती माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "हो बाबा. छान शिकवलंय."
कौतुक झालं म्हणजे. लेक अर्ध्या ताटावरून उठली. प्रवासाचा शीण.

२५ मार्च
लेक ठरल्यापेक्षा लवकर परत गेली. प्रोजेक्ट आहे म्हणे. हल्ली सुटीतही प्रोजेक्ट देतात. मी स्टेशनवर सोडतो म्हटलं तर आईच गेली सोडायला.
गेम उघडत नाहीये. पासवर्ड चुकीचा दाखवतो. यांचे सर्व्हर असलेच.

३१ मार्च
काउंटरवर काम नव्हतं. मालक म्हणाले, जा घरी. दुपारीच निघालो.
दार नुसतं लोटलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, पाठमोरी. हातात मोबाइल. तिच्या खांद्यावरून मला स्क्रीन दिसली. तबेला. पांढरा ठिपका.
ती अगदी हळू आवाजात म्हणत होती, "ये रे ठिपक्या. ये. घाबरू नकोस, ते कामावर गेलेत."
तो भिंत सोडून एक पाऊल पुढे आला. एक कान पुढे झाला.
मी हाक मारणार होतो. तोंडसुद्धा उघडलं होतं.
बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर मागे सरकलो. दार हळूच ओढून घेतलं. जिन्यात बसून राहिलो, माझी रोजची घरी यायची वेळ होईपर्यंत.