शनिवारचा चाचाचा

३ मे, शुक्रवार

काय बाई ती मेली सेपा! आज फिएस्टाची, आमच्या जत्रेची, बैठक होती. वस्तीची कप्तान, म्हणजे आमची निवडून दिलेली प्रमुख, म्हणाली, “पहिला नाच पुरिंगबाईंचा. एके काळी टीव्हीवर चाचाचा नाच करायच्या त्या!” माझ्यासाठी टाळ्या पडल्या. आणि सेपा पंखा हलवत म्हणते, “केला असेल. पाहिलाय कोणी? पुरावा दाखव म्हणावं, नाहीतर मी आहेच नाचायला.”

तीन घरं सोडून राहते. पन्नास वर्षांत माझ्याशी धड बोललेली नाही. का, ते तिलाच ठाऊक.

पुरावा कुठून आणू? टीव्ही स्टेशनवाल्यांनी आमच्या नाचाच्या फितींवरच बास्केटबॉलचे सामने भरले!

४ मे

डोळे मिटले की सगळं दिसतं. शनिवारी दुपारी बारा. आम्ही सहा जणी, बाह्यांना तीन थरांच्या झालरी. आईने पेजेची खळ घालून त्या कडक केलेल्या. दिव्यांच्या उकाड्यात खळ सुटायची आणि अख्ख्या स्टुडिओभर भाताचा वास! वादक माराकास खुळखुळवायचे, नृत्यमास्तर ओरडायचे, “कंबर, पोरींनो! खांदे नकोत, कंबर!” गाणी स्पॅनिश. आम्ही नुसती तोंडं हलवायचो. हा नाच क्यूबाचा, आणि ते क्यूबा कुठे आहे, एकीलाही माहीत नव्हतं. पण नाचायचो अशा, जणू तिथेच जन्मलोय.

७ मे

ओट्यापाशी सराव केला. गुडघा कुरकुरला, भात करपला. मजा आली!

१० मे

सापडलं! नात लिगाया धावत आली — “लोला, अगं आजी, बघ, तू!” कुणा जुन्या कॅमेरावाल्याच्या मुलाने आमच्या नाचाची फीत इंटरनेटवर टाकलीय. दोन मिनिटं. शेवटी नावं येतात, त्यात माझं. लिगाया नाचायलाच लागली. कप्तानीणबाईंनाही तिने लगेच पाठवून टाकलं.

 पण ती मी नाहीच. ती लूमिंग आहे, माझी धाकटी बहीण.

आईचा नियम होता. शनिवारी एकीनेच नाचायला जायचं, दुसरीने बाबांच्या कारखान्यात बुटांच्या तळव्यांना गोंद लावायचा. एक शनिवार माझा, एक धाकटीचा. यादीत नाव मात्र एकच, माझं. आम्ही दिसायला इतक्या सारख्या की मास्तरांनाही पत्ता लागला नाही. लागला असेल तरी ते बोलले नाहीत. बाहेर कोणाला सांगितलं नाही. पुढे मी सगळेच शनिवार माझे म्हणून सांगत राहिले. लूमिंग नुसती हसायची.

आता आठ वर्षं झाली तिला जाऊन.

उद्या बास्केटबॉलच्या मैदानात सगळ्यांना ती फीत दाखवणार आहेत. गप्प बसले तर पहिला नाच माझा. बोलले तर सेपाचा, वर जन्मभर तिचं हसणं. मला नाचायचंय! खूप नाचायचंय. काय करू?

११ मे

पडद्यावर लूमिंग आली आणि सगळे ओरडले, “पुरिंग! पुरिंग!” तिने गिरकी घेतली. वीस वर्षांची, घामाने चमकणारी. माझ्याच नावाच्या आरोळ्यांत ती एकटी नाचत होती. राहवलं नाही. माइक घेतला.

“ही मी नाही. ही माझी बहीण लूमिंग. अर्धे शनिवार तिचे होते. ती माझ्यापेक्षा चांगली नाचायची.”

 मग मी म्हटलं, “पुन्हा लावा. या वेळी तिचं नाव घ्या.” घेतलं! मी रडले, हसले, तळवे लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या. कप्तान बिचारी गोंधळून गेली. सेपा उठून निघून गेली.

गेला तर गेला पहिला नाच. पण लूमिंग दिसली!

१२ मे, रविवार

सकाळीच सेपा दारात. हातात गरम बिबिंका, तांदळाचा केक, केळीच्या पानावर.

“मला तेव्हापासून माहीत होतं,” म्हणाली. “तू कॅमेऱ्याकडे बघून नाचायचीस, लूमिंग खाली मान घालून. दर शनिवारी दुकानातला टीव्ही खिडकीतून बघायचे मी.”

“मग पुरावा कशाला मागितलास गं?”

“माझी जिवाची मैत्रीण होती ती. तू एकदा तरी तिचं नाव घेतेस का, बघत होते. पन्नास वर्षं लावलीस, बये!”

संध्याकाळी फिएस्टात पहिला नाच आम्ही दोघींनी केला. सेपाची पावलं हुबेहूब लूमिंगची. तिनेच शिकवली होती.