आपल्या वाट्याचा बांध

बाबा, उद्या मला खाडीकाठच्या शेतकऱ्यांपुढे बोलायचं आहे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडायची भीती वाटते आहे. विषय नेहमीचाच, सरकार शेतीसाठी काय करतं आणि काय करत नाही. ते मला बोलावतात, कारण आपल्या खारबांधाची गोष्ट मी सांगतो तशी कोणी सांगत नाही.

स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी ठाण्याला शाळेत मास्तर, सुट्टीत गावी आलेला, डोक्यात पुस्तकं. खाडीचं खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरू नये म्हणून दर वैशाखात प्रत्येक घर आपापल्या वाट्याच्या बांधावर चिखल चढवायचं. त्या वर्षी लोकल बोर्डाचा ओव्हरसियर आला, फीत लावून बांध मोजला, चुन्याच्या खुणा केल्या आणि म्हणाला, पक्कं काम बोर्ड करील. लोकांचा विश्वास बसेना. साहेब मोजायला येतात, बांधायला नाही, असं म्हणू लागले. मग देवळापुढे मी उभा राहिलो. वेठ इंग्रजाबरोबर गेली, म्हणालो. सरकार आता आपलं आहे, बांध त्यानेच बांधायचा. तुम्ही चिखल टाकलात तर बोर्ड म्हणेल, यांना गरजच नाही. टाळ्या पडल्या. माणसं कुदळी घेऊन घरी गेली.

तू एकटाच बांधाकडे निघालास. मी आडवा आलो. माझा बापच माझं ऐकत नाही, तेही सगळ्यांदेखत, हे मला सहन होईना. तू डोक्यावरचं घमेलंसुद्धा उतरवलं नाहीस.

"भाषान बरा झाला तुजा. आता खाडीलाबी सांग, थांब म्हनावं, सायबाचा कागद येयाचा हाय."

मागे कोणीतरी हसलं. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही.

कागद कचेरीत गेला तो तिथेच राहिला. ज्येष्ठाच्या अमावास्येला भर दुपारी उधाण येतं. सगळा गाव बांधाशी उभा आहे, पाणी काठाला टेकलंय. आधी शेजारच्या काकांचा तुकडा खचतो, मग त्यांच्या पलीकडचा. संध्याकाळपर्यंत आपल्या खाचरांतही खारं पाणी उभं. पुढचे तीन पावसाळे भात झाला नाही. नंतर कधीतरी बोर्डाची माणसं मंजुरी घेऊन आली, तेव्हा गावाने त्यांना पाणीही विचारलं नाही. मलाही नाही. तू मात्र जाईपर्यंत तो विषय पुन्हा काढला नाहीस.

ही गोष्ट मी टिटवाळ्यापर्यंत गावोगाव सांगितली. बोर्डाने वेळेवर काम केलं नाही, हे खरंच आहे, आणि उद्याही ते मी आवाज चढवून सांगेन. पण कुदळी घरी कोणी पाठवल्या, ते कधीच सांगितलं नाही. हा कागदही माझ्या टेबलाच्या खणातच राहणार, म्हणून आणखी एक लिहितो. गोष्ट जोरदार व्हावी म्हणून प्रत्येक सभेत मी म्हणत आलो की आपलाही तुकडा वाहून गेला. तो गेला नव्हता, बाबा. दोन्ही अंगांना पाणी होतं आणि मधे तू एकट्याने लिंपलेला तो तुकडा उभा होता. मी पाहिला होता.